विद्युत् गाडीतील पुनर्जनन आणि एकपेडल चालन

धावत्या गाडीस थांबवावयाचे म्हणजे तिच्या गतीत साठलेली ऊर्जा कोठेतरी घालविली पाहिजे. पेट्रोल वा डिझेलच्या गाडीत ती ब्रेकच्या चकत्यांत उष्णतेच्या रूपाने जाते व हवेत विरते. विद्युत् गाडीत ज्या मोटरने चाके फिरविली तीच मोटर जनित्राचे काम करू लागते आणि ऊर्जेचा काही भाग बॅटरीकडे परत येतो. या क्रियेस प्रस्तुत लेखात ‘पुनर्जनन’ म्हटले आहे. अनेक विद्युत् गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरवरील पाऊल उचलताच हे पुनर्जनन इतक्या जोराने सुरू होते, की नेहमीच्या रहदारीत ब्रेकच्या पेडलास स्पर्श करण्याचे कारणच पडत नाही. गाडी वाढविणे, मंदावणे व थांबविणे ही तिन्ही कामे एकाच पेडलावर होतात. हे ‘एकपेडल चालन’ होय.

या दोन गोष्टींचा उल्लेख बहुधा एकत्र होतो, आणि त्यामुळे एक गैरसमज रूढ झाला आहे. एका पेडलावर गाडी चालविल्यानेच वीज वाचते, असे समजले जाते. वस्तुतः पुनर्जनन हा ऊर्जेचा प्रश्न आहे, तर एकपेडल चालन हा नियंत्रणाचा, म्हणजे चालकाचे पाऊल व गाडी यांच्यातील संबंधाचा प्रश्न आहे. पहिल्याचा लाभ दुसऱ्यावाचून मिळू शकतो; आणि पहिल्याच्या मर्यादा ठाऊक नसता दुसऱ्याची सवय जडली, तर ती प्रसंगी घातक ठरू शकते. हा भेद स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू आहे.

१. ऊर्जेचा हिशेब

चालकासह १५०० किलोग्रॅम वस्तुमानाची एक गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहे असे समजू. तिची गतिज ऊर्जा सुमारे २०८ किलोज्यूल भरते. घरच्या वीजमीटरच्या भाषेत सांगावयाचे तर ती एका युनिटाच्या सतराव्या भागाएवढी आहे. ही ऊर्जा चाकांपासून बॅटरीपर्यंत जाताना गिअर, मोटर, इन्व्हर्टर व स्वतः बॅटरी या चार नाक्यांवरून जाते, आणि प्रत्येक नाक्यावर तिला काही जकात द्यावी लागते. त्यांची कार्यक्षमता अनुक्रमे ९७, ९०, ९६ व ९७ टक्के धरल्यास शंभर भागांपैकी सुमारे ८१ भाग बॅटरीत पोहोचतात. परंतु ही ऊर्जा पुन्हा चाकांवर आणावयाची असेल तर हेच चार नाके उलट दिशेने ओलांडावे लागतात. म्हणून चाकांपासून चाकांपर्यंतच्या फेऱ्यात शंभरातील ६६ भागच हाती लागतात. येथे घेतलेले आकडे चांगल्या परिस्थितीतील आहेत. वेग व भार बदलतील तसे ते खालावतात.

आता शहरातील रहदारीचा विचार करू. गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने जाते आणि दर किलोमीटरास एकदा थांबते, असे धरू. या वेगास चाकांचा लोटणरोध व हवेचा रोध मिळून सुमारे १९५ न्यूटन होतो, म्हणजे एका किलोमीटरास १९५ किलोज्यूल खर्च होतात. ही ऊर्जा कोणत्याही उपायाने परत मिळणारी नाही. थांबतेवेळी गाडीत असलेल्या ९३ किलोज्यूलांपैकी सुमारे ८५ ब्रेकच्या वाट्यास येतात. पुनर्जननाने त्यांतील ५६ पुन्हा चाकांवर आणता येतात. २८० पैकी ५६ म्हणजे पाचवा हिस्सा वाचला. त्याच अंतरात गाडी तीन वेळा थांबत असेल तर बचत तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक होते. उलट मोकळ्या महामार्गावर एकदाही ब्रेक न लावता जाणाऱ्या गाडीस पुनर्जननाचा लाभ जवळजवळ शून्य आहे. अन्यथा वाया गेली असती तीच ऊर्जा पुनर्जनन परत मिळवून देते. नवी ऊर्जा ते निर्माण करीत नाही. हे तत्त्व विद्यार्थ्यांस नवे नाही, परंतु गाडीच्या दर्शकावरील हिरवी रेघ पाहताना त्याचा विसर पडतो.

याच हिशेबातून आणखी एक निष्कर्ष निघतो. ताशी ४० किलोमीटर वेगावरील आपली गाडी ब्रेक व पुनर्जनन यांवाचून सपाट रस्त्यावर तशीच घरंगळू दिली, तर ती सुमारे ५५० मीटर जाऊन थांबेल. तीच गाडी पुनर्जननाने ४१ मीटरांत थांबविली व मिळालेली ऊर्जा पुन्हा चालविण्यास वापरली, तर ती ऊर्जा आणखी २९० मीटरांस पुरेल. एकूण अंतर ३३० मीटर झाले. तात्पर्य, जेथे रहदारी सवड देते तेथे गाडी मोकळी घरंगळू देणे हे पुनर्जननाहूनही काटकसरीचे आहे. एकपेडल पद्धतीत मात्र पाऊल उचलले की मंदन सुरू होते. गाडी नुसती घरंगळावी असे वाटत असेल तर पेडल एका नेमक्या स्थानी तोलून धरावे लागते. एकपेडल चालनाने वीज वाचतेच, हे विधान यामुळेच अर्धसत्य ठरते.

२. मोटरचे जनित्र कसे होते

मोटरमध्ये चुंबकक्षेत्र व प्रवाह यांच्या परस्परक्रियेने आघूर्ण उत्पन्न होते. प्रवाहाची दिशा क्षेत्राच्या मानाने उलटली की आघूर्णाचीही दिशा उलटते, आणि जे चाकांस पुढे लोटीत होते तेच त्यांस मागे खेचू लागते. यासाठी यंत्रात कोणताही भाग हलवावा वा बदलावा लागत नाही. इन्व्हर्टरमधील अर्धवाहक स्विचांच्या उघडझापेचा क्रम बदलला की काम होते, आणि हा बदल एका सेकंदाच्या अल्पशा अंशात होऊ शकतो.

येथे विद्यार्थी एक रास्त शंका घेतात. बॅटरीचा दाब ३५० व्होल्ट आणि गाडी हळू चालली असता मोटरमध्ये उत्पन्न होणारा दाब केवळ ५० व्होल्ट; मग वीज खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर कशी चढते? याचे उत्तर मोटरच्या गुंडाळ्यांच्या स्वप्रवर्तनात आहे. इन्व्हर्टर प्रथम काही क्षण गुंडाळ्यांची टोके परस्परांस जोडतो. त्या ५० व्होल्टच्या जोरावर गुंडाळीत प्रवाह वाढत जातो व तिच्या चुंबकक्षेत्रात ऊर्जा साठते. नंतर ही जोडणी अकस्मात् तोडली जाते. प्रवाह एकदम थांबू शकत नाही. तो आपली वाट बॅटरीतून काढतो, आणि त्यासाठी लागणारा दाब गुंडाळी स्वतःच उत्पन्न करते. ही क्रिया सेकंदास सुमारे दहा हजार वेळा घडते. दाब वाढविण्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही. मोटर व इन्व्हर्टर मिळूनच ते उपकरण होते.

या युक्तीसही तळाशी एक सीमा आहे. आपल्या गाडीस दर सेकंदास सेकंदी २ मीटर इतके मंदन हवे असेल तर चाकांवर ३००० न्यूटन बल पाहिजे. ते उत्पन्न करणाऱ्या प्रवाहाने गुंडाळ्यांत, समजा, दीड किलोवॉट उष्णता होते. गाडीचा वेग सेकंदास अर्ध्या मीटरावर आला की चाकांकडून येणारी शक्तीही दीड किलोवॉटच उरते. त्याखाली गाडी थांबविण्यास बॅटरीतूनच वीज खर्च करावी लागते. अर्थात् शेवटचे पाऊलभर अंतर मोटर गाडीस थांबवू शकते, परंतु तेथे पुनर्जनन होत नाही. आणि चढावर गाडी थोपवून धरावयाची असेल तर घर्षणाचा ब्रेक हाच शहाणपणाचा उपाय होय.

वरच्या बाजूसही सीमा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगावर वरील मंदनास ५० किलोवॉट शक्ती झेलावी लागते. ते साध्य आहे. परंतु अकस्मात् कोणी आडवे आले असता मंदन याच्या चौपट लागते, व शक्ती २०० किलोवॉटवर जाते. मध्यम गाडीची मोटर वा बॅटरी हा भार घेऊ शकत नाही. शिवाय मोटर एकाच आसावर असेल तर ओल्या रस्त्यावर त्याच दोन चाकांवर सर्व बल लादल्याने ती घसरण्याचा संभव असतो. म्हणून संकटकाळचा ब्रेक चारही चाकांवरील घर्षणाचाच असतो.

३. बोरघाटाचा दाखला

पुनर्जनन ही आजची कल्पना नव्हे. मुंबई व कुर्ला यांच्या दरम्यान विजेवरील पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, आणि १९२९-३० मध्ये १५०० व्होल्ट एकदिश पद्धतीने विद्युतीकरण पुण्यापर्यंत पोहोचले. या मार्गावरील बोरघाटात सदतीस फुटांस एक फूट असा चढ आहे. पुढे ‘खेकडा’ या नावाने प्रसिद्धीस आलेली मालगाड्यांची इंजिने १९२८ पासून येथे आली. घाट उतरताना मोटरींची वीज वरच्या तारेत परत सोडण्याची योजना त्यांत होती. उतरणाऱ्या गाडीची वीज चढणाऱ्या गाडीच्या उपयोगी पडावी, हा त्यामागील विचार. या योजनेस एक अट आहे, ती अशी की परत सोडलेली वीज घेणारे कोणीतरी पाहिजे. तारेवर दुसरी गाडी नसेल व उपकेंद्रही ती वीज स्वीकारण्यास समर्थ नसेल, तर तारेचा दाब वाढतो, आणि पुनर्जनन थांबवून अन्य ब्रेकांचा आश्रय घ्यावा लागतो.

आता त्याच घाटाच्या रस्त्याने आपली विद्युत् गाडी खंडाळ्याहून खोपोलीस उतरवू. उतार ५०० मीटर उंचीचा, अंतर १२ किलोमीटर व वेग ताशी ५० किलोमीटर धरू. उंचीमुळे मिळणारी ऊर्जा २.०४ युनिट. चाकांचा रोध त्यातील सुमारे ०.४९ व हवेचा रोध ०.२५ युनिट खातो. उरलेले १.३० युनिट ब्रेकच्या वाट्यास येतात. घर्षणाच्या ब्रेकनेच ही ऊर्जा घालवावयाची ठरविली, तर चकत्यांच्या सुमारे ३० किलोग्रॅम लोखंडाचे तापमान, उष्णता मुळीच बाहेर जात नाही असे धरल्यास, ३४० अंशांनी वाढेल. वारा तिचा मोठा भाग नेतो हे खरे. तथापि घाटात तापलेल्या ब्रेकची पकड का ढिली पडते, हे या आकड्यावरून उमगते. चढताना जो गिअर, उतरतानाही तोच, हा जाणत्या चालकांचा नियम याच कारणास्तव पडला. उतरत्या गाडीचा भार त्यायोगे इंजिनावर पडतो.

विद्युत् गाडीत इंजिन नाही व बदलण्याजोगे गिअरही सहसा नाहीत. त्यांची जागा पुनर्जनन घेते. वरील १.३० युनिटांपैकी सुमारे १.०५ युनिट बॅटरीत जमा होतात, म्हणजे सपाटीवरील साताठ किलोमीटरांचा प्रवास सुटतो. सरासरी शक्ती केवळ साडेपाच किलोवॉट असल्याने मोटरवर ताणही पडत नाही, आणि चकत्या गार राहतात. घाटात पुनर्जननाचे खरे मोल वाचलेल्या युनिटात नसून या गार चकत्यांत आहे. गरज पडेल तेव्हा घर्षणाचा ब्रेक ताजा सापडतो.

४. घेणारा नसेल तेव्हा

परंतु रेल्वेची अट येथेही सुटलेली नाही. तारेच्या जागी बॅटरी आली, इतकेच. चालकाने लोणावळ्यास बॅटरी शंभर टक्के भरून घेतली व लागलीच घाट उतरावयास घेतला, तर परत येणारी वीज ठेवण्यास जागा नसते. भरलेल्या लिथियम-आयन घटात आणखी भार लोटल्यास त्याचा दाब सुरक्षित मर्यादेबाहेर जातो, म्हणून नियंत्रक पुनर्जनन कमी करतो वा बंद ठेवतो. अतिशय थंड बॅटरीचीही हीच स्थिती होते. कमी तापमानास लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत पुरेशा त्वरेने शिरत नाहीत; जोराने भार दिल्यास लिथियम धातुरूपाने पृष्ठभागावर साचतो व घट कायमचा बिघडतो. लेहसारख्या ठिकाणी हिवाळ्यातील पहाटे गाडी काढणाऱ्यास हा अनुभव येतो.

अशा वेळी गाडीत बिघाड झालेला नसतो. घर्षणाचा ब्रेक पूर्ववत् काम देतो. बदललेले असते ते पाऊल उचलल्यानंतरचे वर्तन. आठ महिने ज्या चालकाने पाऊल उचलताच गाडी आवरली जाते असे अनुभवले, त्याच्या पायाखाली त्या सकाळी निराळीच गाडी आलेली असते. दर्शकावर सूचना येते. परंतु वळणावर चालकाचे डोळे रस्त्यावर असतात, आणि त्याचा पाय सूचना वाचीत नाही. अलीकडे काही गाड्यांत पुनर्जनन जितके उणे पडेल तितका घर्षणाचा ब्रेक आपोआप लावण्याची सोय झाली आहे. योजना उत्तम आहे. मात्र लांब उतारावर चकत्या पुन्हा तापू लागतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. घाटमाथ्यावर बॅटरी भरणाऱ्यास सोपा उपाय असा की ती थोडी रिती ठेवावी. चाळीस युनिटांच्या बॅटरीस वरील १.०५ युनिटांसाठी अडीच टक्क्यांहून किंचित् अधिक जागा लागते. पाच टक्के सोडल्यास निश्चिंती.

पुनर्जननावर विसंबण्याचा धोका इतिहासानेही दाखविला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील काही शहरांच्या ट्रामगाड्यांत रॅवर्थ यांची पुनर्जनन पद्धती बसविण्यात आली होती. रॉटनस्टॉल येथील गंभीर अपघातानंतर १९११ साली या पद्धतीवर बंदी आली, आणि ट्रामगाड्यांत पुनर्जनन पुन्हा येण्यास सुमारे वीस वर्षे लागली.

५. पाऊल आणि पेडल

पुनर्जननाची आज्ञा कोणत्या पेडलाने द्यावी, याविषयी रचनाकारांचे दोन पंथ आहेत. १९९७ साली जपानात आलेल्या टोयोटा प्रियसमध्ये ब्रेकचे पेडल दाबले असता नियंत्रक प्रथम शक्य तितके मंदन मोटरकडून घेतो व उणीव घर्षणाने भरून काढतो. या मिश्र पद्धतीत चालकाची सवय बदलत नाही, आणि ऊर्जा मात्र परत येते. दुसऱ्या पंथात पुनर्जनन अ‍ॅक्सिलरेटरच्या उचलीशी जोडलेले असते. २०१३ सालच्या बीएमडब्ल्यू आय३ने ही पद्धत लोकांपुढे ठळकपणे आणली. २०१७ सालच्या निस्सान लीफमध्ये पाऊल उचलल्याने गुरुत्वीय प्रवेगाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत मंदन मिळते व गाडी पूर्णपणे थांबून उभी राहते. आपल्याकडील २०२२ सालच्या नेक्सॉन ईव्ही मॅक्समध्ये पुनर्जननाच्या पायऱ्या निवडण्याची सोय देण्यात आली.

दुसऱ्या पंथाचे गुण नाकारण्याजोगे नाहीत. पाऊल एका पेडलावरून दुसऱ्यावर नेण्यास पाव सेकंद लागतो असे धरल्यास ताशी ६० किलोमीटर वेगावर तेवढ्यात गाडी चार मीटर पुढे जाते. एकपेडल चालनात पाऊल उचलण्याच्या क्षणीच मंदन सुरू होते. गर्दीत पायास कमी श्रम पडतात. दोषही तितकेच खरे आहेत. जो पाय दिवसभर एकाच पेडलावर राहतो त्यास संकटाच्या क्षणी दुसरे पेडल अचूक सापडेल काय, ही चिंता अनाठायी नाही. निस्साननेच पुढे अरिया या गाडीत पाऊल उचलल्याने गाडी पूर्ण थांबणार नाही, शेवटी ब्रेक दाबावाच लागेल, अशी रचना केली. चीनने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व १ जानेवारी २०२६ पासून लागू ठरविलेल्या राष्ट्रीय मानकात असे म्हटले आहे, की गाडी सुरू करताना जी पद्धत आपोआप लागू असते तीत केवळ अ‍ॅक्सिलरेटर सोडल्याने गाडी पूर्ण थांबता कामा नये. पुनर्जननास विरोध हा या नियमाचा हेतू नव्हे. ब्रेकच्या पेडलाची पायास ओळख राहावी, एवढाच त्याचा रोख दिसतो.

मागून येणाऱ्याचाही विचार करणे प्राप्त आहे. ब्रेकचे पेडल न दाबता गाडी मंदावली तर मागील तांबडा दिवा केव्हा लागावा? संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या नियमावलीप्रमाणे पाऊल उचलल्याने होणारे मंदन दर सेकंदास सेकंदी ०.७ मीटरपर्यंत असेल तर दिवा लावू नये, १.३ मीटरपर्यंत लावला तरी चालतो. त्याहून अधिक असेल तर तो लागलाच पाहिजे.

शेवटचा मुद्दा स्वतः घर्षणाच्या ब्रेकचा. वापर घटल्याने चकत्या कमी झिजतात व ब्रेकची धूळ कमी उडते. युरोपीय संघाने २०२४ साली संमत केलेल्या यूरो ७ नियमांत केवळ विजेवर चालणाऱ्या मोटारींस ब्रेकमधील सूक्ष्म कणांची मर्यादा किलोमीटरास ३ मिलिग्रॅम घातली आहे, तर इतरांस ७ मिलिग्रॅम; ती या वस्तुस्थितीस धरूनच. परंतु न वापरलेले लोखंड गंजते. पावसाळ्यात कोकणात महिनोन्महिने एका पेडलावर चाललेल्या गाडीच्या चकत्यांवर तांबेरा चढला, तर ज्या दिवशी पूर्ण ब्रेक हवा त्या दिवशी तो खरखरीत व असमान लागण्याचा संभव आहे. अधूनमधून, मागे कोणी नसता, ब्रेक जरा जोराने दाबून चकत्या घासून घेणे हे देखभालीचे साधे अंग होय. फोक्सवॅगनने आपल्या आयडी.३ व आयडी.४ या गाड्यांत मागील चाकांस झाकलेले ड्रम-ब्रेक दिले, त्यामागेही हा विचार आहे.

६. समारोप

पुनर्जनन हा ऊर्जेचा व्यवहार आहे, आणि प्रत्येक व्यवहारात देणाऱ्याइतकेच महत्त्व घेणाऱ्यास असते. घाटातील इंजिनास चढणारी गाडी हवी होती. मोटारीस रिती व उबदार बॅटरी हवी. घेणारा सदैव सिद्ध असेलच अशी हमी नसल्यामुळे पुनर्जनन हा ब्रेकचा उत्तम साहाय्यक ठरतो, त्याचा वारस ठरत नाही. एकपेडल चालन सोयीचे आहे, आणि ज्यास ते रुचते त्याने ते अवश्य वापरावे. मात्र त्यास वीज वाचविण्याचे साधन समजू नये, आणि त्याच्या भरवशावर दुसऱ्या पेडलाची जागा विसरू नये. विद्यार्थ्यांनी येथील हिशेब आपल्या परिचयाच्या एखाद्या घाटाची उंची व अंतर घेऊन स्वतः करून पाहावेत. माथ्यावर बॅटरी किती रिती ठेवावी, हे त्यातून प्रत्येकास आपले आपण काढता येईल.